बीड, पितळ आणि एक तुटलेला पाटा

पहिला दिवस : कोल्हापूर ते विटा

पहाटे साडेपाचला गाडी काढली. गाडी म्हणजे वडिलांची टाटामोबाईल 206. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, ही पिकअप 1988 साली बाजारात आणली. आमची 1991 ची. वडिलांनी तिच्यातून वीस वर्षं दुधाचे कॅन वाहिले. ते गेल्यावर घरात सगळ्यांचं मत पडलं की आता विकून टाकावी. मी ऐकलं नाही. मी शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे, लेथवर उभा राहून पंचवीस वर्षं झाली. गाडीचं बरंचसं काम माझं मीच करतो आणि दर वर्षी पासिंगला स्वतः घेऊन जातो. पॉवर स्टेअरिंग नाही, एसी नाही, पण हौदा अजून टणक आहे आणि इंजिन पहिल्या सेल्फला उठतं.

मे महिन्यात वर्कशॉप पाच दिवस बंद असतं. गेली चार वर्षं हे पाच दिवस मी भंगारासाठी राखून ठेवतो. पगारात घर चालतं, वरचं काही भागत नाही. यंदा थोरलीला जूनमध्ये डिप्लोमाला घालायचंय, त्यामुळे सुट्टी कधी लागते याचीच वाट बघत होतो. सोबत आतेभाऊ होता. वय बावीस, दंडात ताकद आणि बोलायला गोड. गावोगावी दारात उभं राहायचं तर दोन्ही लागतं.

हौद्यात सामान ठरलेलं : दहा किलोचा घण, छिन्न्या, पान्यांची पेटी, हॅकसॉ, कानस, चार लोखंडी पाइप, सोल म्हणजे जाड दोर, ताडपत्री, जाड हातमोजे आणि काटा. ताणकाटा मी वापरत नाही. स्प्रिंग सैल झाली की पाच किलोला साडेचार दाखवते, आणि ती कुणी सैल केली हे विकणाऱ्याला कळत नाही. माझा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, जमिनीवर ठेवायचा, दर वर्षी वैधमापन खात्याचा शिक्का मारून आणलेला. आकडा दोघांना दिसेल असा तो मधोमध ठेवतो. त्याच्या जोडीला पाच किलोचं एक शिक्क्याचं वजन असतं. कुणाला शंका आली की तेच आधी काट्यावर ठेवून दाखवतो.

काही गोष्टी मी घेत नाही. गाडीच्या जुन्या बॅटऱ्या नाहीत; त्यांच्यासाठी 2022 चे नियम आहेत, त्या नोंदणीकृत कारखान्यातच गेल्या पाहिजेत, आणि शिशाचं पाणी कुणाच्या तरी ओढ्यात जावं हे मला बघवत नाही. गॅसच्या टाक्या नाहीत, तोंड बंद असलेलं कुठलंही भांडं नाही. काय आहे ते कळत नाही अशी जड वस्तू तर मुळीच नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातलं जुनं यंत्र भंगारात आलं आणि त्यात कोबाल्ट-60 निघालं. भंगारात काम करणारा एक माणूस त्यात गेला. त्यानं जे फोडलं ते मीही पोटासाठी फोडलंच असतं, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही.

हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल. कृष्णेला पाणी कमी होतं, काठावर म्हशी बसलेल्या. सांगलीत चहा, मग तासगाव. द्राक्षबागांच्या छाटण्या झालेल्या, वेलींवर कोवळी पालवी. तासगावच्या पुढं रस्त्याकडेच्या दोन वस्त्यांवर विचारलं. काही मिळालं नाही. दुपारी विट्यात चुलत बहिणीकडं पोचलो. आक्कानं भाकरी आणि माडग्याचा बेत केला होता. संध्याकाळी तिच्या मालकांबरोबर यंत्रमागाच्या वसाहतीत फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशीची दोन ठिकाणं पक्की केली.

दुसरा दिवस : विटा

विट्यात दोन धंदे : माग आणि गलाई, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. मागांचा आवाज लहानपणी मामाकडं जाताना एसटीतसुद्धा ऐकू यायचा. आता काही शेड बंद आहेत, काहींत नवे माग आलेत आणि जुने किलोवर निघालेत.

ज्या शेडमध्ये गेलो तिथले सोळा माग एका मोठ्या व्यापाऱ्यानं आधीच उचलले होते. मागाच्या दोन्ही बाजूंची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चौकट माझ्या गाडीचं कामच नव्हे, ती ट्रकनंच जाते. माझ्यासाठी कोपऱ्यात ढीग होता : फुटके गिअर, पुल्या, ब्रॅकेट, बीमच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि भिंतीवरून काढलेले जुने मोटार स्टार्टर.

व्यापारी हा ढीग का सोडून जातात ते इथं सांगतो, कारण माझी सगळी कमाई त्याच ढिगात असते. मोठा माणूस टनात मोजतो. त्याला निवडत बसायला वेळ नसतो. भंगारात पैसा वजनानं येतो असं बाहेरून दिसतं; माझा अनुभव असा की तो निवडण्यानं येतो. एकत्र ढीग दिला की दुकानदार त्यातल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावतो. तोच ढीग पाच ठिकाणी वेगळा करून दिला की पाच भाव मिळतात.

निवडायला यंत्र लागत नाही. चुंबक आधी : चिकटलं तर लोखंड किंवा बीड, नाही चिकटलं तर पुढं बघायचं. बीड आणि लोखंड ओळखायला छिन्नीचा एक घाव पुरतो. बिडाचा टवका उडतो, लोखंडाची साल वळते. लेथवर हे मी रोज बघतो : बीड लावलं की काळा बुरा पडतो आणि हात कोळशासारखे होतात, लोखंड लावलं की नागमोडी साल लांबच लांब निघते. ग्राइंडरवर धरलं तर बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, पोलादाची लांब, पांढरी, टोकाला फुटणारी. पितळ वाटतं त्यावर कानस फिरवायची. आत पांढरं निघालं तर वरून नुसता मुलामा आहे. ॲल्युमिनियम आणि जस्ताचं ओतीव दिसायला भावंडं, पण जस्त हातात घेतलं की मनगट खाली जातं.

शेडचे मालक खुर्ची टाकून बसले. आधी पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं. ते म्हणाले, "राहू द्या हो." मी म्हटलं, "नाही अण्णा, बघून घ्या." बीड भरलं 240 किलो, 30 रुपयांनी. चकत्या 22 किलो, 140 नं. स्टार्टर आठ होते, बॅकेलाइट धरून 31 किलो, त्यांचे सरसकट 900 दिले. सगळे मिळून 11,180 रुपये. मालकांनी पैसे मोजले आणि रिकाम्या शेडकडं बघत राहिले. वडिलांनी पहिले चार माग कर्ज काढून घेतले होते, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आक्काच्या शेजारच्या आबांकडं बसलो. आबांचं वय ऐंशीच्या घरात. त्यांची हयात गलाईत गेली. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या भागांतली माणसं भारतभर सोन्याचांदीच्या गलाईची दुकानं चालवतात. पाऊस नाही, शेती नाही, म्हणून बाहेर पडली आणि भट्टीवर नाव मिळवलं. या दुष्काळी मुलखाचं नाव दूरदूरच्या सराफ पेठांत आदरानं घेतलं जातं, याचा मला फार अभिमान आहे. आबांनी त्यांचं काम समजावून सांगितलं. जुनं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालायची, एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी असं. ते वितळवून नायट्रिक ॲसिडमध्ये सोडलं की चांदी विरघळते आणि सोनं तळाला राहतं. मग त्या चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची, चांदी तिच्यावर येऊन बसते.

मी सहज म्हटलं, आज स्टार्टर घेतलेत. आबा ताठ बसले. "पॉइंट काडलंस का त्याचं?" स्टार्टरमध्ये दोन पत्र्या एकमेकींवर आपटून वीज चालू-बंद होते, तिथं वाटाण्याच्या डाळीएवढी टिकली असते आणि ती चांदीच्या मिश्रणाची असते. मी चार वर्षं स्टार्टर तसेच लोखंडात देत आलो होतो. त्या रात्री आक्काच्या अंगणात बल्ब लावून आम्ही आठही स्टार्टर उघडले. तांब्याच्या कॉइली एका पोत्यात, लोखंड दुसऱ्यात, आणि टिकल्या तंबाखूच्या डबीत. आबा समोर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "घरी वितळवायची न्हाईत," त्यांनी दोनदा बजावलं. "जुन्या पॉइंटात क्याडमियम असतंय. त्याचा धूर छातीत गेला की माणूस उटत न्हाई. येताना माज्याकडं दे, भट्टीवाल्याकडं पोचवतो."

तिसरा दिवस : विटा, भिवघाट, करगणी

सकाळी गुहागर-विजापूर रस्त्याला लागलो. खानापूर मागं टाकलं आणि भिवघाटाशी आटपाडीकडं वळलो. या रस्त्याला मी लहानपणापासून येतोय, मामाचं गाव करगणीच्या पुढं. तेव्हा मे महिन्यात इथं डोळ्याला फक्त तपकिरी रंग दिसायचा. बोरी, बाभळी आणि मेंढरं. आता टेंभूचं पाणी आलंय. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत इथवर आणतात. डाळिंबाच्या बागा, मध्येच ऊस. मामा म्हणतो, ऊस लावायचा नव्हता, पण लोकांना इतक्या वर्षांनी पाणी बघून राहवलं नाही.

पाणी आलं आणि विहिरीवरची इंजनं थांबली. खरं तर ती विजेच्या मोटारी आल्या तेव्हाच मागं पडली होती, पण लाइटचा भरवसा नाही म्हणून लोकांनी ठेवून दिली होती. भंगारवाल्याच्या दृष्टीनं या मुलखातलं सगळ्यात मोलाचं बीड त्या इंजनघरात आहे. पाच हॉर्सपॉवरचं मंद गतीचं डिझेल इंजन, मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही बाजूंना मोठाली चाकं. ते चालू असलं की दोन शेतं पलीकडं ठोके ऐकू यायचे आणि कुणाचं इंजन आहे हे माणसं आवाजावरून सांगायची. अशी कितीतरी इंजनं कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरात बनली.

मामानं एक हेरून ठेवलं होतं. गावापासून दीड किलोमीटरवर एका म्हातारीची विहीर. आजी एकट्याच राहतात, मुलगा गलाईच्या दुकानावर तामिळनाडूत. इंजनघराचं छप्पर अर्धं उडालेलं. इंजन मात्र पोत्यानं झाकलेलं, पोत्यावर दगड ठेवलेले. चाक हलवून बघितलं. जाम.

आजी म्हणाल्या, "दोन वरसामागं एक भंगारवाला आल्ता. म्हनला दीडशे किलो भरंल."

मी आतेभावाकडं बघितलं. नुसत्या दोन चाकांचंच वजन तेवढं जाईल अशी ती चाकं होती. मी आजींना म्हटलं, "आजी, हे तीनशेच्या खाली नाही. उद्या तुमच्यासमोर काट्यावर चढवू."

हेड उघडायच्या भानगडीत पडलो नाही. नोझल काढलं आणि त्या भोकातून वाटीभर डिझेल-रॉकेल आत सोडलं. रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, त्यांना रात्रभर मुरू द्यावं लागतं. घाईनं पहारीनं चाक रेटलं तर रिंग तुटते किंवा पिस्टन जातो, आणि मग ते खरोखरच भंगार होतं. आतेभावाला घण मारायची फार इच्छा होती. त्याला मी थांबवलं.

रात्री वळवाचा पाऊस झाला. मामाच्या सोप्यात झोपलो होतो, पत्र्यावर गारा वाजत होत्या. मामी उठून शेणी आत घेत होती. मला वाटलं, उडालेल्या छपराखाली ते इंजन भिजत असेल. नोझलचं भोक मी चिंधीनं बंद केलं होतं का? सकाळपर्यंत नीट झोप लागली नाही.

चौथा दिवस : करगणी, खरसुंडी

चिंधी होती.

सकाळी सात वाजता दोघांनी हँडल धरलं. पहिल्यांदा काही नाही. चाकाला थोडं पुढं, थोडं मागं असं नुसतं डोलवत राहिलो, बोटभर, मग दोन बोटं. पंधरा-वीस मिनिटांनी आतून करकर आवाज आला आणि चाक फिरलं. एक पूर्ण फेरा. आजी उंबऱ्यासारख्या दगडावर बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या मालकांनी हे इंजन बहात्तरच्या दुष्काळानंतर घेतलं होतं, बैलगाडीतून आणलं होतं.

काट्यावर इंजन भागांत चढवावं लागलं. चाकं काढायला सगळ्यात वेळ गेला. चाक शाफ्टवर पाचरीसारख्या चावीनं बसवलेलं असतं, आणि चाळीस-पन्नास वर्षं बसलेली चावी सहजी निघत नाही. मागून पाचर घालून हळूहळू ठोकत आणायची, मध्ये तेल सोडायचं. दोन चाव्यांना तीन तास. एकूण भरलं 318 किलो. पंप आणि खालचा सांगाडा वेगळा, 46 किलो, तो मोडका होता. त्याचे 31 रुपयांनी 1,426 झाले.

इंजनाचं मी आजींना सरळ सांगितलं. "भंगाराच्या भावानं याचे 9,858 होतात. पण हे फिरतंय. फिरणारं इंजन मी भंगार म्हणून घेणार नाही, उद्यमनगरात याला गिऱ्हाईक आहे. बारा हजार देतो." मामानं माझ्याकडं डोळे वटारले, धंदा असा करतात का म्हणून. पण दीडशे किलो सांगून गेलेल्या माणसाच्या ओळीत मला बसायचं नव्हतं. आजींनी नोटा कनवटीला लावल्या आणि विचारलं, "पोरा, तुज्या भंगारात येकादा चांगल्या लोकंडाचा कोयता घावला तर ठेव. आताचं कोयतं धारच धरत न्हाईत."

इंजन चढवायला गाडी बांधाखाली लावली. फाळका पाडला की हौदा बांधाच्या पातळीला आला. खाली पाइप टाकून, सोल लावून, चौघांनी ढकललं. अर्ध्या तासात आत.

गाडीत आता 657 किलो होतं. माझा नियम सातशेचा. या गाडीला, या वयात, सातशेच्या वर भरायचं नाही असं मी स्वतःला सांगितलेलं आहे. तरी दुपारी खरसुंडीकडं गेलो. सिद्धनाथाचं दर्शन घ्यायचं होतं आणि तिथल्या वाड्यावस्त्यांवर मोड चांगली मिळते. पितळेचे हंडे, घंगाळं, चेपलेल्या कळशा. लग्नात आलेली भांडी बायका सहजी काढत नाहीत. एका काकींनी घंगाळ आणलं, परत आत नेलं, पुन्हा आणलं. मी म्हटलं, "काकी, राहू द्या. पुढच्या वर्षी येईन." त्यांनी घंगाळ ठेवून घेतलं आणि त्याऐवजी माळ्यावरचे तीन चेपके तांबे दिले. एकीकडं पितळेच्या ढिगात काशाचं ताट होतं. नखानं वाजवलं तर नाद लांबपर्यंत गेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि कथील महाग. ते मी बाजूला काढून परत दिलं, पितळेच्या भावात विकू नका म्हणून सांगितलं. पितळ 19 किलो झालं, 470 नं. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग आणि एक फुटका बंब मिळून तांबं साडेसहा किलो, 690 नं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी 14 किलो, 140 नं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण एका शेतकऱ्यानं गोठ्यामागचं लोखंड दाखवलं : दोन मोडके नांगर, कुळवाच्या फासा, गाडीच्या धावा, पत्रे. 165 किलो, 26 नं. घेतलं. लोभ झाला, दुसरं काही कारण नाही. गाडीत साडेआठशेच्या वर गेलं.

परतताना सांज झाली होती. रस्त्यात दोन पोरांनी हात केला. पोत्यात केबल होती, जाळलेली, तांबं काळं पडलेलं, अजून वास येत होता. कुणाची म्हटलं तर एक म्हणाला आमच्या रानातली, दुसरा म्हणाला काकाची. मी घेतली नाही. या भागात शेतकऱ्याच्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेतात, डीपी फोडून आतलं तांबं काढतात, आणि मग ऐन पाण्याच्या पाळीला पीक वाळतं. आपण विकत घेतलं नाही तर ते कापलं जाणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे. शिवाय प्लॅस्टिक जाळून तांबं काढायचं म्हणजे तो विषारी धूर त्या पोरांच्याच पोटात. सुरीनं सोललं तर भावही जास्त मिळतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, पोतं उचलून गेली.

मामाचं गाव दोन किलोमीटर राहिलं असताना ओढ्याच्या चढाला मागून बंदुकीसारखा आवाज आला आणि गाडी डावीकडं बसली. उतरून बॅटरी मारली. डाव्या बाजूचा मेन पाटा, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली मुख्य पट्टी, तुटला होता.

पाचवा दिवस : करगणी ते कोल्हापूर

मामानं रात्रीच फोन करून आटपाडीच्या पाटेवाल्याला बोलावलं होतं. तो सकाळी आठला मोटारसायकलवर पाटा बांधून आला. हौदा अर्धा रिकामा करावा लागला. यू बोल्ट गंजलेले, दोन कापले. माणूस हुशार, तुटलेल्या पाट्याची कड बघून म्हणाला, "ह्यो आज न्हाई तुटला. चीर जुनी हाय, ही गंजल्याली बाजू बगा. काल फक्त निमित्त झालं." खरंच, अर्धी कड तपकिरी होती आणि अर्धी चकचकीत. चीर जुनी असेल, पण वजन मी भरलं होतं. 2,600 रुपये झाले. पाटेवाला तुटका पाटा ठेवून घेतो म्हणाला, त्याचे दीडशे कमी करतो म्हणाला. मी दिला नाही. हौद्यात टाकला.

165 किलो लोखंड मामाच्या दारात उतरवून ठेवावं असं वाटलं, पण परत आणायला कोण येणार? मामाचा शेजारी पालेभाजी घेऊन सांगलीला चालला होता. त्याच्या टेम्पोत लोखंड टाकलं आणि आतेभाऊ त्याच्यासोबत गेला. सांगलीत ओळखीच्या काट्याशी भेटायचं ठरलं.

विट्यात आबांना टिकल्यांची डबी दिली. त्यांनी उघडून एक टिकली अंगठ्याच्या नखावर घासली आणि मान डोलावली. भट्टीतून काय निघेल ते नंतर कळेल.

विट्याहून कुंडलच्या बाजूनं उतरलो. लांब पडतं, पण चढ कमी आणि किर्लोस्करवाडी वाटेवर लागते. तिथं नेहमी दोन मिनिटं थांबतो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगरासाठी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला. त्या 165 किलोंत जे दोन मोडके नांगर होते, त्यातल्या एकावर किर्लोस्करांच्या नावाची अर्धी अक्षरं अजून वाचता येत होती. त्यातलं कुठलं लोखंड कुठून आलं हे कुणीच सांगू शकणार नाही, पण हा नांगर परवा भट्टीत जाईल आणि पुढच्या महिन्यात कुठल्या तरी ट्रॅक्टरचा भाग होऊन बाहेर पडेल. कोल्हापूरच्या फौंड्र्या असल्याच मालावर चालतात. लोक भंगारवाल्याला दारात उभं करायला कचरतात, पण त्याच्या पोत्यातून गेल्याशिवाय यातलं काही परत कामाला लागत नाही.

सांगलीत लोखंड परत गाडीत घेतलं नाही, तिथंच विकलं, 32 नं. बाकीचं घेऊन सव्वाचारला शिरोलीच्या फाट्यावर. गाडी काट्यावर भरलेली आणि रिकामी तोलली. माझ्या वहीतला आकडा आणि काट्याचा आकडा यांत फक्त तीन किलोंचा फरक पडला. ओढ्यात झटकलेला चिखल असणार. इंजन मात्र उतरवलं नाही. ते थेट उद्यमनगरात नेलं. ओळखीचे एक जण जुनी इंजनं दुरुस्त करून गुऱ्हाळाच्या चरकाला बसवून देतात. त्यांनी चाक फिरवून कान लावून ऐकलं आणि साडेसोळा हजार दिले.

हिशेब वहीत तसाच आहे, कुणाला या वाटेला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून इथं देतो. माल खरेदी 44,271. विक्रीत बीड 286 किलो 36 नं, 10,296. इंजन 16,500. लोखंड 5,280. पितळ 520 नं 9,880. तांबं 770 नं 5,005. ॲल्युमिनियम 36 किलो 172 नं 6,192. स्टार्टरमधलं तांबं अडीच किलो आणि लोखंड वीस किलो, मिळून 2,565. एकूण 55,718. वरचे 11,447. त्यातून डिझेल 3,050, आतेभावाचे 1,500, जेवणखाण 700, पाटा 2,600. हातात 3,597.

ज्या 165 किलो लोखंडासाठी नियम मोडला त्याचे सुटले 990 रुपये. ज्या आठ स्टार्टरवर एक रात्र बसलो त्यांचे, टिकल्या न धरता, 1,665. आणि ज्या इंजनावर घण मारला नाही त्याचे साडेचार हजार.

3,597 थोरलीच्या फीच्या पाकिटात टाकले. रविवारी गाडी खड्ड्यावर घेऊन उजव्या बाजूचे पाटे उघडून बघितले. तिथंही मेन पाट्याला केसाएवढी चीर आहे, तो बदलायला टाकलाय. तुटका पाटा आमच्या गल्लीच्या टोकाला लोहार आहे त्याच्याकडं नेला. पाट्याचं पोलाद धार धरतं हे त्याला सांगावं लागत नाही. लांबी बघून म्हणाला, दोन कोयते होतील आणि एक विळा. मुठीला बाभळीचं लाकूड लावायला सांगितलंय. मामा पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येणार आहे, त्याच्याकडं एक कोयता आजींसाठी देणार आहे.